उघड्यावर मेणबत्ती टिकत नाही : लक्षणे, क्रमाने करायच्या तपासण्या आणि थांबायची वेळ

घरात तासन्‌तास शांतपणे जळणारी मेणबत्ती गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणात नेली की बिघडते, आणि बहुतेक जण तिलाच दोष देऊन पुढच्या वेळी आणखी महागाची आणतात. गच्चीवरची जेवणे, पडवीतल्या बैठका, दिवाळीतली रांगोळी, नाताळात सजवलेले अंगण अशा ठिकाणी मेणबत्त्या लावण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे आणि हाच बिघाड पुन्हा पुन्हा निस्तरला आहे. दोष बहुधा जागेत असतो, वातीत असतो किंवा आडोसा म्हणून ठेवलेल्या काचेत असतो. खुद्द मेणबत्तीत तो क्वचितच सापडतो. म्हणून खालच्या तपासण्या फुकटात होणाऱ्या कामांपासून सुरू होतात आणि नवी वस्तू आणण्याचा विचार सर्वांत शेवटी येतो.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे ज्योत सतत फडफडते आणि दर थोड्या वेळाने विझते. दुसरे, मेणबत्ती एकाच बाजूने वितळते, तिथली कड ढासळते आणि मेणाचे ओघळ टेबलावर येतात. तिसरे, जाड मेणबत्तीच्या मधोमध विहीर पडते, कडेचे मेण तसेच राहते आणि ज्योत खोल जाऊन वितळलेल्या मेणात बुडते. काही वेळा काळा धूर येतो आणि काच काजळते. पावसाळ्यात किंवा दव पडल्यावर ज्योत तडतडते आणि गरम मेणाचे शिंतोडे उडतात. उन्हाळ्यात मेणबत्ती न पेटवताच वाकते. काच तडकणे हे लक्षण कमी वेळा दिसते, पण ते दिसले की त्या काचेचा वापर तिथेच संपतो.

वितळलेल्या मेणाच्या संपूर्ण पृष्ठभागावर ज्योत पसरलेली दिसली, तर तो तपासण्यांचा विषय नाही. तेव्हा थेट शेवटचा भाग वाचावा.

पहिली तपासणी : वारा कुठून येतो ते उदबत्तीने पाहणे

मेणबत्ती लावायची आहे त्या जागी, ज्योत ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर, एक पेटलेली उदबत्ती दोन-तीन मिनिटे धरावी. घरातला पंखा बंद असावा आणि दारे-खिडक्या कार्यक्रमाच्या वेळी असतील तशाच ठेवाव्यात. धूर वीतभर सरळ वर जाऊन मग पसरत असेल, तर जागा चांगली आहे. तो एकाच दिशेने तिरपा जात असेल, तर आडोशाने काम भागते. धूर गोल फिरत असेल, कधी इकडे तर कधी तिकडे वळत असेल, तर ती जागा सोडावी, कारण भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या हवेत कोणतीही मेणबत्ती नीट जळत नाही.

या तपासणीला मी पहिला मान देते, कारण ज्योतीचे सगळे काम उष्णतेवर चालते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेण द्रवरूपात असताना जळत नाही. वाऱ्याने ही वाफ ज्योतीबाहेर ओढली गेली किंवा वातीचे टोक थंड झाले, की साखळी तुटते आणि मेणबत्ती विझते. मंद, एकसारख्या झुळकीत ज्योत तिरपी होऊन का होईना टिकते. दिशा बदलणाऱ्या झोतात मात्र तिला सावरायला वेळच मिळत नाही.

गच्चीवर लोक मेणबत्ती भरीव कठड्याला अगदी लागून ठेवतात आणि तिथे आडोसा आहे असे समजतात. वारा कठड्यावरून येतो आणि आतल्या बाजूला खाली वळतो, म्हणून नेमक्या त्याच पट्ट्यात हवा फिरत राहते. त्यापेक्षा जिन्याच्या खोलीची किंवा पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याची वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची भिंत पाहावी आणि तिथेही उदबत्ती धरून खात्री करावी. दोन उंच इमारतींमधल्या फटीसमोरच्या बाल्कनीत वारा चिंचोळ्या जागेतून येत असल्याने जोर धरतो. एसीचे बाहेरचे युनिट बाल्कनीतच असेल, तर त्याचा झोत सुरू असताना तिथे मेणबत्ती लावण्याचा विचार करू नये. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, त्यामुळे टेबलावर न टिकणारी ज्योत पुष्कळदा ओट्याच्या कोपऱ्यात टिकते. पण लहान मुले, पाळीव प्राणी किंवा साडीचा पदर आणि ओढणी यांचा वावर असेल, तर ही सोय घेऊ नये.

ही पाहणी प्रत्यक्ष मेणबत्ती लावायच्या वेळीच करावी. कोकण किनाऱ्यावर दुपारभर समुद्राकडून वारा येतो आणि तिन्हीसांजेनंतर तो बहुधा पडतो, म्हणून चार वाजता नापास झालेली जागा साडेसातला उत्तम ठरू शकते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत याच्या उलट अनुभव येतो: दुपारी पान हलत नाही आणि संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो.

दुसरी तपासणी : वात

मेणबत्ती थंड असताना वातीची लांबी पाहावी. ती ५ ते ६ मिलिमीटर असावी. लांब वात ज्योतीला जाळता येईल त्यापेक्षा जास्त मेण वर ओढते, उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो, आणि ज्योतही उंच झाल्यामुळे वाऱ्याला सहज सापडते. धूर आणि फडफड अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर मी आधी वातच कापते आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते. काचेच्या बरणीत किंवा लहान टी-लाइटमध्ये (पत्र्याच्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्तीत) कात्री जात नाही, तिथे साधे नेलकटर उपयोगी पडते. वात अगदी मेणालगत मात्र कापू नये, कारण आखूड वातीची ज्योत लहान राहते आणि मेणात बुडून विझते.

यामागे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चांगल्या मेणबत्तीची वात सुती धाग्यांची, चपटी विणलेली असते आणि जळताना तिचे टोक एका बाजूला वाकून ज्योतीच्या कडेबाहेर येते. तिथे हवा मिळाल्याने ते टोक जळून जाते आणि वात आपोआप योग्य लांबीची राहते. वाऱ्याने ज्योत भलतीकडे झुकली, की हे टोक हवेशीर कडेला पोहोचत नाही आणि त्याच्यावर काजळीचा काळा गोळा धरतो. त्यामुळे घरात जिची वात कधीच कापावी लागली नाही, तीच मेणबत्ती उघड्यावर दर दोन-तीन तासांनी विझवून, थंड करून, वात कापून पुन्हा लावावी लागते.

वात कापतानाच मेणात पडलेला कचरा काढावा. काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे, वाळकी पाने आणि रांगोळीतल्या झेंडूच्या पाकळ्या मेण शोषून घेतात आणि दुसरी वात बनून पेटतात. अंगणात लागलेल्या लहानसहान आगींची सुरुवात अशा पाकळीपासून झालेली मी पाहिली आहे.

तडतड ऐकू येत असेल, तर वातीजवळ पाणी आहे. पाणी मेणापेक्षा जड असल्याने ते वितळलेल्या मेणाच्या खाली, वातीच्या मुळाशी बसते. तिथे त्याची वाफ होते आणि ती वर उसळताना मेणाचे थेंब उडवते. मेणबत्ती विझवावी, थंड होऊ द्यावी, वरचे पाणी सुती कापडाने टिपावे आणि रात्रभर घरात कोरडी ठेवावी. पावसाळ्यात एकदा वापरलेल्या मेणबत्त्या झाकणाच्या डब्यात ठेवल्या, तर हा त्रास उद्भवतच नाही.

तिसरी तपासणी : मेणबत्ती पहिल्यांदा किती वेळ जळली होती

मधोमध विहीर पडलेल्या मेणबत्तीचे मूळ तिच्या पहिल्या दिवसात असते. जाड किंवा बरणीतली मेणबत्ती पहिल्यांदा लावली, की वितळलेले मेण कडेपर्यंत पोहोचेपर्यंत ती विझवू नये. साधारण हिशेब असा, की व्यासाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरला एक तास, म्हणजे साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या मेणबत्तीला तीन तास. पुढच्या वेळी मेण तेवढ्याच वर्तुळात आधी वितळते, आणि पहिले वर्तुळ लहान असेल तर विहीर खोल होत जाते. उघड्यावर वारा मेणाची कड थंड ठेवतो, म्हणून तिथे तीन तासही पुरत नाहीत. नवी मेणबत्ती पहिल्यांदा घरात, पंख्यापासून दूर आणि डोळ्यांसमोर जाळून घ्यावी आणि मगच गच्चीवर न्यावी.

विहीर पडलेलीच असेल, तर उभ्या जाड मेणबत्तीची उरलेली कड गरम सुरीने कापून वातीजवळच्या पातळीवर आणावी. बरणीतल्या मेणबत्तीच्या तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल कडेने गुंडाळून मध्ये रुंद भोक ठेवावे आणि घरातच, समोर बसून, तासभर जाळावी, म्हणजे अडलेल्या उष्णतेने कडेचे मेण वितळते. ज्योत बुडत असेल, तर ती विझवून जास्तीचे पातळ मेण जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावे. ते बेसिनमध्ये ओतू नये. नळीत गोठून बसते.

चौथी तपासणी : आडोशाची काच

उदबत्तीचा धूर तिरपा जात असेल, तर काच लागते. पण चुकीची काच वाऱ्यापेक्षाही जास्त त्रास देते. ती ओळखण्याची सोपी रीत आहे. मेणबत्ती त्याच काचेसह घरात आणावी, पंखा बंद करावा, खिडकी लावावी आणि पाच मिनिटे पाहावे. हवा पूर्ण स्थिर असतानाही ज्योत फडफडत असेल, तर वाऱ्याचा संबंध नाही, दोष काचेचा आहे.

खोल, अरुंद आणि तळ बंद असलेल्या ग्लासात गरम हवा ज्या तोंडातून वर जाते, त्याच तोंडातून ताजी हवा आत यावी लागते. दोन्ही प्रवाह एकमेकांना अडवतात, ज्योतीला प्राणवायू कमी-जास्त मिळतो, ती लवते, लांबते, धूर सोडते आणि काच काजळते. जुन्या वाड्यांत छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या रुंद तोंडाच्या असत, आणि रॉकेलच्या कंदिलात वातीभोवती छिद्रांची पत्र्याची चकती असते, ती याच कारणाने. खालून हवा आली आणि वरून गरम हवा गेली, की ज्योत स्थिर होते.

घरच्या घरी हेच करायचे असेल, तर दोन्ही टोके उघडी असलेली काचेची चिमणी घ्यावी आणि ती सरळ टेबलावर न टेकवता तीन नाण्यांवर किंवा लहान चपट्या दगडांवर ठेवावी. फरक समोर दिसतो: चिमणी टेबलाला टेकलेली असताना ज्योत आखूड, पिवळट आणि अस्वस्थ असते, तीच चिमणी तीन नाण्यांवर उचलून ठेवली, की काही क्षणांत ज्योत सरळ उभी राहते, टोकदार होते आणि धूर थांबतो. फट फार मोठी ठेवू नये, नाहीतर तिथूनच वारा शिरतो. बंद तळाची बरणीच वापरायची असेल, तर मेणबत्ती आणि काच यांच्यात चहूबाजूंनी दोन-तीन बोटांचे अंतर असावे, आणि काचेची कड ज्योतीच्या टोकापेक्षा किमान चार बोटे वर असावी.

तळाशी दोन बोटे कोरडी वाळू घालावी. तिच्या वजनाने बरणी वाऱ्यात कलंडत नाही, मेणबत्ती सरळ उभी राहते आणि शेवटी ज्योतीची उष्णता थेट काचेच्या बुडापर्यंत पोहोचत नाही. वाळू ओली असेल, तर तडतडीचे लक्षण परत येते.

काच वापरण्यापूर्वी तिच्या कडेवरून आणि बुडाभोवती कापडाने बोट फिरवून टवका किंवा तडा आहे का ते पाहावे. पाणी प्यायचे साधे ग्लास या कामाला घेऊ नयेत. काच एका जागी तापली आणि दुसऱ्या जागी गार राहिली, की तडकते. तापलेल्या काचेवर पावसाचे चार थेंब पडले तरी तेवढे पुरते. बरणीत तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले, की ती मेणबत्ती संपली असे समजावे. आकाशकंदिलात किंवा कागदाच्या कोणत्याही आवरणात मेणबत्ती लावू नये, तिथे बल्बच हवा.

पाचवी तपासणी : मेण, ऊन आणि गर्दी

वाकणाऱ्या मेणबत्तीचे कारण ऊन असते. बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात आणि ते साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ पडते. बरणीतले सोया मेण त्याहूनही लवकर पातळ होते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते. विदर्भात मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्चीची फरशी सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम असते, म्हणून मेणबत्त्या उन्हे कलल्यावर आणाव्यात आणि थेट फरशीवर न ठेवता मातीच्या बशीत ठेवाव्यात. उघड्यावर सडपातळ उंच मेणबत्तीपेक्षा बुटकी, जाड मेणबत्ती नेहमीच बरी.

मेणबत्त्या एकमेकींना चिकटून ठेवल्या, तर त्या एकमेकींना तापवतात, मेण भराभर पातळ होते आणि ज्योती मोठ्या होतात. दोघींत किमान आठ-दहा सेंटिमीटर अंतर असावे. रांगोळीभोवतीच्या टी-लाइटच्या ओळीत आणि २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतस्मरणाच्या दिवशी, वसई-गोव्याच्या दफनभूमींत कबरींवर लावलेल्या मेणबत्त्यांत ही अडचण हमखास दिसते. कबरीवर जागा कमी असते आणि प्रत्येकाला आपल्या माणसासाठी मेणबत्ती लावायची असते. तिथे वाळू भरलेले पसरट मातीचे भांडे न्यावे, ते शिळेच्या आडोशाला ठेवावे आणि बुटक्या मेणबत्त्या अंतर राखून वाळूत रोवाव्यात.

सिट्रोनेलाच्या (डास पळवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, सुवासिक गवताच्या तेलाच्या) मेणबत्तीने डास जात नाहीत, अशी तक्रारही याच यादीत माझ्याकडे येते. तो मेणबत्तीतला बिघाड नाही. मोकळ्या हवेत तिचा परिणाम अगदी तोकडा असतो. डेंग्यू पसरवणारा डास तर मुख्यतः दिवसा चावतो, तेव्हा त्यासाठी कुंड्यांखालच्या बशांत साचलेले पाणी काढणेच योग्य.

सहावी तपासणी : आता मेणबत्ती

जागा, वात, काच आणि मेण हे सगळे ठीक असूनही बिघाड राहिला, तर त्याच पाकिटातली दुसरी मेणबत्ती घरात, बंद खोलीत लावून पाहावी. तीही बुडत किंवा धुरकट जळत असेल, तर वातीची जाडी मेणाच्या व्यासाला जुळत नाही. हे घरी दुरुस्त होत नाही, दुसऱ्या बनावटीची मेणबत्ती घ्यावी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

तीन जागा बदलल्या, काच योग्य आहे आणि तरीही ज्योत विझते, तर त्या संध्याकाळी मेणबत्तीचा नाद सोडावा आणि कंदील किंवा बॅटरीचा दिवा लावावा. बाल्कनीत कायमचा काचेचा आडोसा हवा असेल, तर ते फॅब्रिकेटरचे काम आहे, आणि ते सोसायटीची लेखी परवानगी व पालिकेचे नियम पाहूनच करावे. सामाईक गच्चीवर ज्योत लावण्याआधी सेक्रेटरींना विचारावे आणि अग्निशामक सिलिंडर कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहावे.

बाल्कनीत गॅसचा सिलिंडर ठेवलेला असेल, तर तिथे मेणबत्ती लावूच नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि ज्योत तिथेच असते. गॅसचा वास आला, तर काहीही पेटवू नये, विजेचे बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे आणि तिथून गॅसगळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे. मेणबत्तीच्या उष्णतेने जवळची वायर किंवा दिव्याचा सॉकेट वितळलेला दिसला, तर एमसीबी (विजेच्या पेटीतला खटका) पाडावा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो पुन्हा चढवू नये. लाकडी छत किंवा खांब काळवंडला असेल, तर आतून धग राहिलेली असू शकते. ती जागा सोडून जाऊ नये आणि ऊब जाणवत असेल, तर अग्निशमन दलाला बोलवावे.

मेणाच्या संपूर्ण पृष्ठभागाने पेट घेतला, तर पाणी टाकू नये. पाणी जळत्या मेणाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते मेण चहूकडे उडवते. धातूचे झाकण बाजूने सरकवून झाकावे किंवा कोरडी वाळू टाकावी, आणि मेण पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलू नये. आग एवढ्याने आवरली नाही, किंवा कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी, बांबूची चिक, प्लॅस्टिकचे गवत किंवा ताडपत्री यांपैकी काहीही पेटले, तर तिथे थांबू नये. नायलॉन वितळून जळते थेंब गाळते आणि ते कातडीला चिकटतात, म्हणून जाळी हाताने ओढू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, बाल्कनीचे दार ओढून घ्यावे, जिन्याने उतरावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

गरम मेण अंगावर पडले, तर तो भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. चेहरा, हात, सांधे यांवर भाजले असेल, फोड तळहाताएवढा असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे, आणि वाहन मिळत नसेल तर १०८ ला बोलवावे.